मदरबोर्डवरची अनोळखी सेन्सर चिप ओळखताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमधून कॉम्प्युटर आला. रोज दुपारी आपोआप बंद पडायचा. मालकांच्या मुलानं लिनक्सवर रीडिंग पाहिलं होतं: एका ओळीत तापमान १२७ अंश, पंख्याच्या ओळीत शून्य. "दादा, प्रोसेसर भाजला की ओ," म्हणत मालकांनी नवा पंखाही आणला होता. जुना पंखा माझ्या टेबलावर छान फिरत होता.

हे आकडे देणारी चिप कोणती, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. निपाणीहून मशीन येवो की खानापूरहून, माझी पहिली चौकशी तीच असते. चिपचं नाव कळल्याशिवाय तिच्या आकड्यांना अर्थ नाही.

बोर्डाच्या नावावरून चिप ठरवणं

एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनमध्ये चिप वेगळी असू शकते. म्हणून मित्राच्या बोर्डावर चाललेला ड्रायव्हर आपल्याकडे चालेलच असं नाही. कव्हर उघडून डोळ्यांनी पाहा. उद्यमबागेतल्या मशीनमध्ये बिडाची काळी धूळ बसलेली असते आणि ती वीज वाहून नेते, त्यामुळे आधी प्लग काढा, मग मऊ ब्रशनं झाडा. चिपवरची अक्षरं समोरून दिसत नाहीत. मोबाईलची टॉर्च तिरकी धरा, दुसऱ्या मोबाईलनं झूम करून फोटो घ्या. आपल्याला हवी असते सुपर आयओ चिप, म्हणजे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजणारी: बोर्डाच्या कडेला, चारही बाजूंना पाय, बऱ्याचदा १२८. तिच्यावर नुवोटॉन, आयटीई, फिनटेक किंवा जुन्या बोर्डावर विनबाँड असं नाव असतं. रिअलटेक दिसलं तर ती बहुधा साउंडची किंवा लॅनची चिप. पुष्कळ जण तिथंच फसतात.

विंडोज असेल तर सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबमध्ये एलपीसीआयओ या ओळीत हेच नाव दिसतं.

'अननोन' दिसलं की हात टेकणं

लिनक्सवर सेन्सर्स-डिटेक्ट (सेन्सर चिपा शोधणारा प्रोग्रॅम) चालवलं की कधीकधी उत्तर येतं: आयटीई घराणं सापडलं, पण चिप अनोळखी, आयडी ८६१३. इथंच लोक सोडून देतात. खरं तर अर्धं काम झालेलं असतं. सुपर आयओ चिप २ई-२एफ किंवा ४ई-४एफ या पोर्टांवर बोलते (हे आणि पुढचे पोर्ट, किल्ली, रजिस्टर, आयडी, पत्ते यांचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत आहेत). तिला आधी किल्ली द्यावी लागते: विनबाँड-नुवोटॉनला ८७ दोनदा, आयटीईला ८७, ०१, ५५ आणि पुन्हा ५५ (पोर्ट ४ई असेल तर शेवटच्या ५५ ऐवजी एए). मग २० आणि २१ या रजिस्टरांत आयडी वाचायला मिळतो. आयटीईचा आयडी म्हणजे सहसा चिपचा नंबरच, म्हणजे ही आयटी८६१३. नुवोटॉनचं तसं नाही. एनसीटी६७७९ चा आयडी सी५६ नं सुरू होतो, तो ड्रायव्हरच्या सोर्समध्ये शोधावा लागतो. आणि हे सगळं करण्याआधी नव्या कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा, लावून पाहा. जुन्या कर्नलला अनोळखी असलेली चिप नव्याला पुष्कळदा माहीत असते.

सगळ्याला 'येस' म्हणणं

ही चूक मात्र महागात पडते. सेन्सर्स-डिटेक्ट विचारत जातं तेव्हा नुसतं एंटर दाबा, त्यात आधीच ठरवून ठेवलेली उत्तरं सुरक्षित असतात. एसएमबसवर (बोर्डावरच्या छोट्या चिपांना जोडणाऱ्या लाइनवर) उगाच चाचपडण्यानं काही जुन्या थिंकपॅडमधली ईईप्रॉम (माहिती जपणारी छोटी मेमरी) बिघडली होती, लॅपटॉप चालूच होईनात. त्याच बसवर ५० ते ५७ या पत्त्यांवर दिसतात त्या रॅमच्या माहितीच्या ईईप्रॉम असतात. त्यांना सेन्सर समजून काही लिहू नका, रॅमच ओळखली जाणार नाही.

ड्रायव्हरला फोर्स-आयडी हा पर्याय देऊन चिपला जबरदस्तीनं दुसरं नाव देणंही तसंच. आकडे दिसतील, पण पंख्याच्या वेगाचं रजिस्टर दुसरीकडे असेल तर चुकीच्या जागी लिहिलं जाईल. एसीपीआय कॉन्फ्लिक्टचा मेसेज (ही जागा बायोसही वापरतो, असा इशारा) आला तर लगेच लॅक्स पर्याय (तो इशारा असूनही ड्रायव्हर चालू देणारा) टाकू नका. बायोस आणि ड्रायव्हर एकाच वेळी चिपशी बोलू लागले की दोघांनाही खोटे आकडे मिळू शकतात. आधी बोर्ड कंपनीसाठीचा वेगळा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का ते बघा.

लॅपटॉपमध्ये हे काम बहुधा एम्बेडेड कंट्रोलर ही वेगळी चिप करते, तिथं सुपर आयओ शोधत बसू नका.

नाव कळलं म्हणून प्रत्येक आकडा खरा मानणं

नुवोटॉनच्या या चिपा ८ मिलिव्होल्टच्या पायरीनं मोजतात, २५५ पायऱ्या, म्हणजे जेमतेम २.०४ व्होल्ट. १२ व्होल्टची लाइन बोर्डवरच्या रेझिस्टरांनी कमी करून चिपकडे जाते. ते गुणोत्तर कॉन्फिगमध्ये भरलं नाही तर १२ व्होल्टच्या जागी १ व्होल्ट दिसतो आणि लोक चांगली एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फेकून देतात. बायोसच्या स्क्रीनवरचे आकडे कागदावर लिहून घ्या आणि ताडून पाहा.

उद्यमबागेच्या मशीनमध्ये एनसीटी६७७९ निघाली. १२७ अंश दाखवणाऱ्या पायाला सेन्सर जोडलेलाच नव्हता. अधिक-उणे चिन्हासकट आठ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा तो. शून्य होता तो कॅबिनेटच्या पंख्यासाठीच्या रिकाम्या हेडरचा (पंखा जोडायच्या पिनांचा). प्रोसेसरचा पंखा दुसऱ्या ओळीत नीट फिरत होता, आणि प्रोसेसरच्या आतला सेन्सर, जो लिनक्सवर कोअरटेम्प या ड्रायव्हरच्या नावाखाली दिसतो, ९६ अंश सांगत होता. हीटसिंकची एक पिन सुटली होती. ती बसवली, पेस्ट नवी लावली, तासभर लोड देऊन पाहिलं: ६४. नवा पंखा त्यांना परत करायला दिला. चिपचं नाव, आयडी आणि कोणती ओळ कोणत्या हेडरची, हे कागदावर लिहून कव्हरच्या आतून चिकटवलं आहे.