एएनएमपासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत: नोंदणीकृत परिचारिका होण्याची वाट

उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस असला की आरोग्यसेविका बीसीजी या क्षयरोगावरील लसीची पूड द्रावकात मिसळते आणि लगेच कुपीवर पेनाने वेळ लिहिते. त्या वेळेपासून चार तास झाले की उरलेली लस ती टाकून देते, मग दाराशी आणखी एखादे बाळ आलेले असले तरी. एएनएमच्या प्रशिक्षणात ही सवय हाताला इतकी बसते की पुढे ती आठवावी लागत नाही. तयार केलेल्या त्या लसीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नसते आणि एकदा सुई आत गेली की बाहेरचे जंतू तिथे वाढू शकतात, हे कारण मला मात्र पुष्कळ वर्षांनी, पदवीच्या वर्गात सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला नीट उमगले. हात आधी शिकला होता, कारण मागाहून कळले. दोन्ही एकाच परिचारिकेकडे असावीत, असे मला मनापासून वाटते, आणि महाराष्ट्रात त्यासाठी जी वाट आहे ती येथे क्रमाने सांगत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. एएनएम म्हणजे साहाय्यक परिचारिका प्रसाविका. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून तो पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, पण ती साहाय्यक परिचारिका म्हणून. नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका, म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘आरएनआरएम’ म्हणतो, ती नोंदणी तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) अभ्यासक्रम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केल्यावरच मिळते. एएनएम झालेल्या मुलीला गावात सगळे ‘सिस्टर’ म्हणतात आणि तिचे काम त्या हाकेला शोभणारेच असते, परंतु जिल्हा रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या पदासाठी अर्ज करताना हा फरक आडवा येतो. अनेक मुलींना तो नोकरीची जाहिरात वाचतानाच पहिल्यांदा कळतो.

यानंतर स्वतःची परिस्थिती कागदावर मांडावी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असतील, खुल्या प्रवर्गासाठी असलेली 45 टक्क्यांची अट पूर्ण होत असेल, प्रवेश परीक्षेची तयारी असेल आणि घरच्यांना चार वर्षांचा खर्च पेलणार असेल, तर थेट बी.एस्सी. नर्सिंगला जाणे हेच शहाणपणाचे आहे. त्या मुलीने या लांबच्या वाटेने येऊ नये. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांसाठी जीएनएम खुले आहे. त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे इंग्रजीसह बारावीत किमान 40 टक्के गुण लागतात, आणि जीएनएमला मुलगेही प्रवेश घेऊ शकतात. ज्यांना लवकर कमावते होणे भाग आहे, किंवा ज्या आधीच आरोग्यसेविका म्हणून काम करत आहेत, त्यांच्यासाठी एएनएम, जीएनएम आणि मग विद्यापीठाची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतर करायची पदवी, अशी तीन टप्प्यांची वाट आहे. वर्षे मोजली तर दोन, तीन आणि दोन अशी सात होतात. एएनएम झाले म्हणून जीएनएमचे एखादे वर्ष वाचत नाही, तीन वर्षे पूर्ण करावीच लागतात. मात्र नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची अट आड येत नाही. त्यामुळे पस्तिशी ओलांडलेल्या आरोग्यसेविकेने ‘आता काय उपयोग’ असे म्हणून हा विचार सोडून देऊ नये.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासणे हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग’ असा फलक लावून सहा महिन्यांचे किंवा वर्षभराचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आजही आढळतात. तेथे शिकवले जाते, पांढरा गणवेशही मिळतो, पण त्या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी होत नाही. आमच्या गावातील एका शेतकरी कुटुंबाने म्हैस विकून मुलीची अशा एका ठिकाणची फी भरली होती. अभ्यासक्रम संपल्यावर ती नोंदणीसाठी मुंबईला गेली आणि अर्जच घेतला गेला नाही, तेव्हा कुठे घरच्यांना सत्य कळले. तिचे वर्ष गेले आणि घरातले दूधही गेले. म्हणून एक रुपयाही भरण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: संस्थेला शासनाची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत तिचे नाव आहे का, आणि विद्यार्थिनींना प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवले जाते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून थांबू नये. त्या रुग्णालयात जाऊन खाटा रुग्णांनी भरलेल्या आहेत का आणि प्रसूतिकक्ष चालू आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. रिकाम्या वॉर्डात परिचर्या शिकता येत नाही.

शेजारच्या राज्यात जीएनएम करण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. ते चुकीचे नाही, पण तसे केल्यास आधी त्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी, मग तेथील ना हरकत प्रमाणपत्र आणि त्यानंतर महाराष्ट्रातील नोंदणी असा वाढीव प्रवास करावा लागतो, याची तयारी ठेवावी.

प्रशिक्षण सुरू झाले की अभ्यासाइतकीच हजेरीची काळजी घ्यावी. तासांना 80 टक्के हजेरी असली तर परीक्षेला बसता येते, परंतु प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष कामाची हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. आजारपणात किंवा घरच्या लग्नात बुडालेली रात्रपाळी नंतर भरूनच काढावी लागते. केसबुकाचे, म्हणजे केलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीचेही तसेच आहे. प्रसूती केली त्याच दिवशी नोंद लिहून प्रसूतिकक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांची सही घ्यावी. तीन महिन्यांनी त्यांची बदली झालेली असते आणि मग सहीसाठी दुसऱ्या गावाला खेपा घालाव्या लागतात. नोंद लिहिताना केवळ ‘सामान्य प्रसूती’ असे न लिहिता पार्टोग्राफवरील, म्हणजे प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या आलेखावरील रेषा कोणत्या वेळी सावधानतेच्या रेषेकडे झुकली आणि तेव्हा कोणाला कळवले, हेही लिहावे. अशा नोंदीच पुढे पदवीच्या अभ्यासात उपयोगी पडतात, कारण तेथे नेमका हाच प्रश्न विचारला जातो: काय दिसले, आणि त्यावरून काय ठरवले?

अभ्यासक्रम संपताच नोंदणीचा अर्ज करावा. येथे सर्वाधिक अडचण होते ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, आणि मध्येच लग्न झाले तर आडनाव तिसरे. हा गुंता नंतर सोडवण्यापेक्षा पहिल्याच वर्षी सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे, आणि लग्नानंतर नाव बदलणार असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते चुकले तर ऐन प्रवेशाच्या किंवा मुलाखतीच्या वेळी अडायला होते.

आता विद्यापीठाचा टप्पा. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावी, जीएनएम आणि आरएनआरएम नोंदणी लागते. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. राज्यातील बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबईतील लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय मात्र महर्षी कर्वे यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे, म्हणजे एसएनडीटीचे आहे. ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे, मात्र त्यासाठी जीएनएमनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शासकीय नोकरीत असलेल्यांनी सेवांतर्गत उमेदवारांसाठीच्या जागा आणि अध्ययन रजा यांची चौकशी आस्थापना शाखेत लेखी करावी. तोंडी विचारल्यास तोंडीच उत्तर मिळते, आणि ते वर्षभराने कोणाच्या लक्षात राहत नाही.

जीएनएम झाल्यावर लगेच पदवीला जावे की आधी नोकरी करावी, असे मुली नेहमी विचारतात. नियमित अभ्यासक्रमाला अनुभवाची सक्ती नाही, तरीही किमान एक वर्ष मोठ्या रुग्णालयाच्या मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्डात काढून मगच जावे, असे मला वाटते. पदवीला जैवरसायनशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्या प्रशासन, संशोधन आणि संख्याशास्त्र हे विषय असतात. ज्या मुलीने चाळीस रुग्णांच्या वॉर्डात दोन सिस्टरांवर रात्र काढलेली असते, तिला प्रशासनाच्या तासाला मनुष्यबळाची वाटणी म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवावे लागत नाही, आणि मधुमेहाच्या रुग्णाची जखम का भरत नाही हा तिचा स्वतःचाच जुना प्रश्न असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना खरी भीती असते ती इंग्रजीची. ती भीती मलाही होती, म्हणून उपाय अनुभवावरून सांगते. पहिल्या दिवसापासून रुग्णाच्या केसपेपरवरील डॉक्टरांच्या नोंदी वाचाव्यात, न कळलेले शब्द वहीत उतरवून त्यांचे अर्थ मराठीत लिहावेत, आणि ड्यूटी सोपवताना आपला अहवाल दोन ओळी का होईना इंग्रजीत बोलून पाहावा. वॉर्डातले इंग्रजी तेच तेच पुन्हा येते आणि सहा महिन्यांत ते ओळखीचे होते. संशोधनाच्या विषयासाठी मात्र स्वतंत्र वेळ द्यावा लागतो. प्रकल्पाचा विषय आपल्या जुन्या कामातून निवडावा. उपकेंद्रावर गरोदर स्त्रिया लोहाच्या गोळ्या घरी नेऊनही का घेत नाहीत, हे ज्या आरोग्यसेविकेने दारोदारी ऐकले आहे, तिच्याजवळ प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आधीच तयार असतो.

पदवी मिळाल्यावर परिषदेकडे वाढीव अर्हतेची नोंद करून घ्यावी, हे पुष्कळ जणी विसरतात. एम.एस्सी. नर्सिंगकडे जायचे असेल तर पदवीला 55 टक्के गुण आणि वर्षभराचा अनुभव लागतो. त्यासाठी प्रत्येक नोकरी सोडताना रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, वॉर्डाचे नाव व पद असलेले अनुभवपत्र त्याच दिवशी, शिक्क्यासह मागून घ्यावे. 2023 साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला असून भारतीय परिचर्या परिषदेची जागा त्या आयोगाने घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, आणि मोठ्या बहिणीच्या वेळचे नियम तसेच असतील असे धरून चालू नये.