विमान कंपनीच्या जुन्या नकाशा-पोस्टकार्डाचं साल कसं काढायचं

रद्दीत किंवा आजोबांच्या ट्रंकेत असं कार्ड निघालं की घरातलं कुणीतरी शिक्का वाचून साल सांगतं, नाहीतर ‘निजामाच्या काळातलं’ म्हणून मोकळं होतं. दोन्ही सोडा.

आधी मागची बाजू. शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, कधी छापलं ते नाही. तिकिटाची किंमत नव्या पैशांत असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आधी ते टाकलेलं नाही, एवढंच.

मग नाव. ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ ही कंपनी मार्च 1948 ची. त्यातलं ‘इंटरनॅशनल’ 1962 साली गळलं.

आता नकाशा. इथेच सगळे पडतात, मीसुद्धा पडलो. परभणीच्या एका रद्दीवाल्याकडे मला एका परदेशी कंपनीचं कार्ड मिळालं. नकाशाभर हत्ती, नारळ, वेरूळचं कैलास लेणं, आणि हैदराबादची इंग्रजी अक्षरं अशी ऐसपैस पसरलेली की पहिलं अक्षर औरंगाबादच्या डोक्यावर. आपल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते! मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, म्हणजे कार्ड त्याआधीचं, असा हिशेब करून मी 1955 ठरवलं आणि चार जणांना सांगूनही आलो.

अरबी समुद्रात काढलेलं नखाएवढं विमान मी पाहिलंच नव्हतं. भिंगाखाली धरलं तर पंखांखाली चार इंजिनं लोंबत होती. पुढे फिरणारा पंखा एकालाही नाही, म्हणजे जेट. ही बोइंग 707 ची ठेवण, आणि ते विमान प्रवाशांना घेऊन उडायला लागलं ऑक्टोबर 1958 मध्ये. चित्रकारानं सरळ जुना नकाशा समोर ठेवून गिरवलं होतं.

पण ‘जेट म्हणजे 1958 नंतरचं’ हेही पाठ करू नका. इंजिनं पंखाच्या मुळातच दडलेली असतील तर ते कॉमेट, आणि कॉमेट 1952 पासून प्रवासी नेत होतं. चार पंखे आणि शेपटीला तीन उभी पाती दिसली तर कॉन्स्टलेशन. जून 1948 मध्ये मुंबईहून लंडनला गेलेलं ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच जातीचं.

म्हणून कार्डावरची सगळ्यांत नवी खूण शोधा, कार्ड तिच्या आधीचं असूच शकत नाही. जुन्या खुणा कितीही असोत, त्यांना किंमत देऊ नका. गोवा वेगळ्या रंगात आहे म्हणून कार्ड डिसेंबर 1961 च्या आधीचं, असं कुणी विकणारा म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. महाराष्ट्र हे नाव मात्र छापलेलं असेल तर ती खरी खूण: 1 मे 1960 च्या आसपासचं किंवा नंतरचं.

साल मागे पेन्सिलनं लिहा, तेही ‘1958 नंतर’ असं. माझ्या त्या कार्डावर मी उत्साहाच्या भरात बॉलपेननं 1955 लिहिलंय. अजून निघालेलं नाही.