लिस्टिंगच्या दिवशी कॉइन घेताना या चुका टाळा

१९ डिसेंबर २०१७ रोजी कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजवर (खरेदी-विक्रीच्या बाजारावर) बिटकॉइन कॅश या कॉइनचं लिस्टिंग झालं, म्हणजे तिथे त्याचे व्यवहार सुरू झाले आणि काही मिनिटांत तिथला भाव साडेनऊ हजार डॉलरपर्यंत गेला. त्याच वेळी इतर एक्स्चेंजवर तेच कॉइन कितीतरी स्वस्त होतं. शेवटी कॉइनबेसला व्यवहार थांबवावे लागले.

‘माझी ऑर्डर एवढ्या महागात का लागली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. नव्या ठिकाणी सुरुवातीला विक्रीच्या ऑर्डरी मोजक्याच असतात. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच घेणारी ऑर्डर, टाकली की ती स्वस्तातला माल संपवून वरच्या भावांवर चढत जाते. म्हणून पहिल्या तासात लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा हे तुम्हीच ठरवता. दोन एक्स्चेंजच्या भावांत मोठी तफावत दिसली, तर आधी त्या कॉइनचे डिपॉझिट (एक्स्चेंजवर आणणं) आणि विथड्रॉवल (तिथून बाहेर काढणं) सुरू आहेत का ते बघा. ते बंद असतील तर कॉइन इकडून तिकडे नेता येत नाही आणि तफावत तशीच टिकते. ती फुकटची कमाई समजून अनेकजण अडकतात, हे पाहून खरंच वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे घोषणा वाचली, म्हणजे आपण लवकर पोहोचलो असं मानणं. आगामी लिस्टिंगची नावं भावाला आणि मित्राला आधीच कळवल्याबद्दल कॉइनबेसच्या एका माजी प्रॉडक्ट मॅनेजरवर अमेरिकेत २०२२ मध्ये खटला भरला गेला. २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी तुम्ही खरेदी करता तेव्हा समोर विकणारा बहुधा आधीच घेऊन बसलेला असतो.

पुरवठा न तपासणं मला सर्वांत महागाचं वाटतं. इंटरनेट कॉम्प्युटर हे कॉइन मे २०२१ मध्ये एकाच वेळी मोठ्या एक्स्चेंजवर आलं आणि जून संपेपर्यंत सुरुवातीच्या भावाच्या एका लहानशा अंशावर आलं. एकूण टोकनपैकी (कॉइनपैकी) आज बाजारात किती आहेत आणि बाकीचे कधी अनलॉक होणार, म्हणजे विक्रीसाठी मोकळे होणार, हे वेळापत्रक खरेदीआधी वाचा.

सारख्याच नावाचे बनावट टोकनही याच गर्दीत फिरतात. कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस (टोकनची नेमकी ओळख सांगणारा पत्ता) प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्या.

डीलिस्टिंगचा, म्हणजे एक्स्चेंजने कॉइन काढून टाकण्याचा, फटका उलट दिशेने बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्स या एक्स्चेंजने मोनेरो हे कॉइन काढण्याची घोषणा करताच भाव कोसळला, नेटवर्क मात्र आधीसारखंच चालू होतं. अशा वेळी घाबरून मिळेल त्या भावात विकण्याआधी घोषणेतल्या दोन तारखा वेगवेगळ्या वाचा: व्यवहार बंद होण्याची आणि विथड्रॉवल बंद होण्याची. दुसरी सहसा नंतरची असते, आणि तोवर कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवता येतं.