आरव्ही घेऊन हायवे सोडताय? आधी या चुका टाळा

नकाशाच्या ॲपमध्ये 'हायवे टाळा' हा पर्याय चालू केला की निवांत ट्रिपचं निम्मं प्लॅनिंग झालं, असं मला पहिल्या खेपेला वाटलं होतं. अमेरिकेत भाड्याने घेतलेली 28 फुटांची आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घरच), घरचे सहा जण आणि ॲपवर पूर्ण भरवसा. दुसऱ्या दिवशी दुपारी डांबर संपलं, खडी सुरू झाली आणि दोनेक मैलांवर एक अरुंद पूल आला. त्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली होती आणि आमची गाडी तिच्यापेक्षा बरीच जड होती. वळवायला जागा नाही. धाकटा भाऊ मागे उभा राहून हातवारे करतोय आणि मी अर्धा मैल रिव्हर्स घेतोय, असा तो निसर्गरम्य प्रवास झाला. रात्री भाडेकरार नीट वाचला, तेव्हा कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेलीच चालणार नव्हती असं कळलं. असं कलम बहुतेक करारांत असतं. तिथे काही मोडलं तर विमा हात वर करतो.

चूक ॲपची नव्हती. ॲपच्या लेखी आपण छोटी कार असतो आणि कारला तो रस्ता चालला असता. चूक माझ्या प्रश्नात होती.

हायवे नको, म्हणजे नेमकं काय नको?

आपल्याला ट्रकांची रांग नको असते, 75 मैलांचा वेग नको असतो, दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या गाड्या नको असतात. पण रुंद लेन, कडेची मोकळी पट्टी, उंच पूल आणि सौम्य वळणं हवीच असतात. आठ फुटांहून रुंद गाडी चालवताना तर फारच हवी असतात. 'हायवे टाळा' म्हटलं की ॲप या दोन्ही गोष्टी एकदमच काढून टाकतं. म्हणून शोधायचा तो लहान रस्ता नव्हे. मोठ्या वाहनांसाठी बांधलेला, पण आता रिकामा पडलेला रस्ता शोधायचा.

असे रस्ते अमेरिकेत भरपूर आहेत. 1926 मध्ये तिथे 'यूएस हायवे'ना क्रमांक दिले गेले आणि पुढची तीस वर्षं लांब पल्ल्याचे ट्रक त्यांच्यावरून धावले. मग 1956 च्या कायद्याने इंटरस्टेटचं, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या द्रुतगती महामार्गांचं, जाळं विणायला सुरुवात झाली, लांब पल्ल्याचे ट्रक तिकडे गेले आणि जुने रस्ते मागे राहिले. इंटरस्टेटची पाटी निळी-लाल असते, जुन्या यूएस हायवेची पांढरी ढाल आणि काळा आकडा. नकाशा उघडला की मी आता ती पांढरी ढाल शोधतो.

बोस्टनपासून ओरेगनमधल्या न्यूपोर्टपर्यंत जाणारा यूएस 20 घ्या, किंवा मोंटानाच्या उत्तर कडेने जाणारा यूएस 2. नेवाडातल्या यूएस 50 ला तर 1986 मध्ये 'लाइफ' मासिकाने अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं. ती टीका होती, पण नेवाडाने तिचीच जाहिरात केली. एकामागून एक डोंगररांगा, मधली सपाट खोरी, आणि फॅलन ते ऑस्टिन या सुमारे 110 मैलांत नाव घेण्याजोगं गाव नाही. रस्ता मात्र पक्का आणि दुतर्फा मोकळा. आरव्हीला आणखी काय हवं?

पांढरी ढाल दिसली की डोळे झाकून निघायचं, असंही नाही. पूर्व किनाऱ्यावरचा यूएस 1 शहराशहरांतून सिग्नल मोजत जातो आणि काही जुने हायवे मधले कित्येक मैल इंटरस्टेटच्याच अंगावरून धावतात. त्यामुळे मार्ग ॲपला ठरवू देऊ नका. वाटेतली छोटी गावं क्रमाने थांबे म्हणून टाका, म्हणजे ॲपला त्या रस्त्यावरून जावंच लागेल. पूर्ण ट्रिप एकदम न टाकता रोजचा मार्ग वेगळा सेव्ह करा आणि ते नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. यूएस 50 वर फोनला रेंज मिळाली तर नशीब. गाडीची उंची, लांबी, वजन भरता येईल असं आरव्हीसाठीचं नेव्हिगेशन मिळत असेल तर उत्तमच. गार्मिनची खास उपकरणं आहेत, आरव्ही लाइफचं ॲप आहे. तरी रस्त्यावरची पाटी आणि स्क्रीन यांत फरक पडला तर पाटीचं ऐका.

गाडीची उंची माहीत नसणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. उंची विचारली की बहुतेक जण माहितीपत्रकातला आकडा सांगतात. त्यात छतावरचा एसी धरलेला असेलच असं नाही. शिडी मागून घ्या, सर्वांत उंच जागेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा फूट-इंचांत मोठ्या अक्षरात लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. रुंदी आरशांसकट मोजा. लांबी मागच्या बंपरपर्यंत, आणि सायकलींचा रॅक असेल तर त्याच्यासकट.

हा आकडा किती कामाचा, ते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा रेल्वेपूल सांगतो. 11 फूट 8 इंच उंचीच्या त्या पुलाने इतक्या ट्रकांची छतं सोलली की तो जगप्रसिद्ध झाला. 2019 मध्ये तो 12 फूट 4 इंचांवर उचलला, तरी गाड्या अडकायच्या थांबल्या नाहीत. त्या चालकांना पाटी दिसली नसेल असं नाही. आपली गाडी किती उंच आहे, हेच त्यांना ठाऊक नसावं.

निसर्गरम्य रस्त्यांवर पुलांपेक्षा बोगद्यांची काळजी जास्त. जुने बोगदे कमानीचे असतात, त्यामुळे मधली उंची एक आणि लेनच्या कडेची उंची दुसरी. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवेवर असे 26 बोगदे आहेत. त्यांची यादी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर मिळते, तिच्यातला कमीत कमी उंचीचा आकडा पाहायचा. युटातल्या झायन नॅशनल पार्कमधला 1930 चा बोगदा 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडीला मोठं वाहन मानतो. पूर्वी पैसे भरून समोरची वाहतूक थांबवून घेता यायची. 2026 पासून मोठ्या गाड्यांना तिथून जाऊच द्यायचं नाही, असं पार्कने जाहीर केलं आहे. इंटरनेटवर सापडलेला चार वर्षांपूर्वीचा प्रवासवृत्तांत इथे दगा देणार.

मोंटानातल्या ग्लेशियर पार्कमधल्या 'गोइंग टू द सन' रस्त्यावर ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांहून लांब किंवा आरशांसकट 8 फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक आरव्ही बाद. लोक तिथवर पोचतात, हिरमुसतात आणि परत फिरतात. खरं तर पार्कच्या दक्षिण कडेने मगाशी सांगितलेला तोच यूएस 2 जातो, 5,213 फुटांवरच्या मरायस पासवरून. आरव्ही त्या रस्त्याने न्या आणि आतला रस्ता पार्कच्या शटलने किंवा टूर बसने पाहा. कड्याच्या बाजूने स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला तसाही देखावा दिसत नाही.

युटामधल्या मोकी डगवेसारख्या कच्च्या, घाटाच्या रस्त्यांचे फोटो पाहून भुलू नका. 28 फूट आणि 10,000 पौंडांच्या वरच्या गाड्यांनी तिथे येऊ नये, असं युटा राज्यच सांगतं.

'पार्कवे' म्हणजे बागेतला रस्ता, हा गैरसमज

ब्लू रिज पार्कवे आणि नॅचेझ ट्रेस पार्कवे या दोन्हींवर मालवाहू ट्रकांना बंदी आणि आरव्हींना परवानगी. 444 मैलांच्या नॅचेझ ट्रेसवर ओढलेल्या गाडीसह 55 फुटांपर्यंत चालतं, वेग 50 मैलांचा, रस्ता सौम्य. पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवीन. पण न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटच्या बाजूला याच शब्दाचा अर्थ बदलतो. तिथले जुने पार्कवे फक्त कारसाठी बांधलेले, पूल ठेंगणे. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर 8 फुटांहून उंच गाडीला प्रवेशच नाही. नाव तेच, आणि ॲप दोन्हींत फरक करत नाही.

दिवसाचे मैल कारच्या हिशोबाने धरणं

ब्लू रिज पार्कवे 469 मैलांचा, कमाल वेग 45. भागाकार केला तर साडेदहा तास येतात. हा हिशोब कागदावरच ठेवा. वळणं, चढ, धुकं, थांबे धरून ताशी 30 मैल पडले तरी पुष्कळ. आरव्हीवाल्यांत '330'चा एक नियम चालतो: 330 मैल झाले किंवा दुपारचे साडेतीन वाजले, जे आधी होईल तिथे थांबायचं. तो इंटरस्टेटवाल्यांसाठी. आडवाटेने जाताना मी 150 ते 180 मैलांवर आखणी थांबवतो, साडेतीन मात्र पाळतो. अंधारात अनोळखी जागी आरव्ही मागे घेऊन लावणं हा नवराबायकोच्या भांडणाचा हमखास मुहूर्त असतो. शिवाय संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

मागे गाड्या साचल्या की वाट द्या. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत दोन लेनच्या रस्त्यावर मागे पाच गाड्या जमल्या तर बाजूला होणं हा कायदाच आहे.

पंचांग न पाहता निघणं

उंचावरचे देखणे रस्ते वर्षातून काही महिनेच उघडे असतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कमधला टायोगा रोड साधारण नोव्हेंबर ते मे-जून बंद असतो. 10,947 फुटांपर्यंत चढणारा बेअरटूथ हायवे मेअखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. पावसाळी वादळं वेगळीच. सप्टेंबर 2024 च्या हेलेन वादळाने ब्लू रिज पार्कवेचा नॉर्थ कॅरोलायनातला मोठा भाग उखडला, दुरुस्ती लांबतच गेली. निघण्याच्या आदल्या रात्री पार्कची सूचना आणि त्या राज्याची 511 ही रस्तेसेवा पाहायची, एवढं तरी कराच. वाऱ्याचा अंदाजही बघा. आरव्हीची बाजू म्हणजे शीडच, आणि मोकळ्या माळावर आडवा वारा ती ढकलत नेतो.

इंधन, पाणी, मुक्काम

टाकी अर्धी झाली की भरायची. बहुतेक आरव्हींचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाववर आली की बंद पडतो. तुम्ही रस्त्यात अडकू नये म्हणूनच ती रचना आहे. पण रात्री एसी गप्प झाल्यावर लोक जनरेटर बिघडला म्हणून भाड्याच्या ऑफिसला फोन लावतात. नॅचेझ ट्रेसवर एकही पंप नाही, बाहेर पडून भरावं लागतं.

सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागा आधी नकाशावर टाका. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, मुक्कामी गटाराची जोडणी असली तरी, उघडा सोडू नका. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं. यापुढचं वर्णन जेवणानंतर वाचणाऱ्यांसाठी वगळतो.

नॅशनल पार्कमधल्या अनेक कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा त्याच दिवशी जातात. जागा रिकामी दिसली तरी तिची लांबी बघा. जुनी कॅम्पग्राउंड लहान गाड्यांच्या काळातली आहेत.

फसलातच, तर

पूल ठेंगणा वाटला की आधी थांबा. 'बघू या, जाईल' म्हणत हळूहळू पुढे सरकणं म्हणजेच छत गमावणं. इमर्जन्सी दिवे लावा, एकाला मागे उतरवा आणि तो आरशात दिसत असेल तेवढंच मागे घ्या. रहदारी असेल तर 911 ला फोन करून पोलिस बोलवा. ते वाहतूक थांबवतात आणि असे फोन त्यांना नवे नसतात. मागे चारही चाकांवर कार ओढत आणली असेल तर रिव्हर्स घेऊच नका. तिची पुढची चाकं वाकडी फिरतात आणि जोडणी मोडते. आधी ती सोडवा, कुणाला तरी ती वेगळी चालवू द्या, मग मागे या.

लांब उतारावर जळका वास आला तर ते ब्रेक आहेत. रुंद जागा बघून थांबा, पाणी ओतू नका, अर्धा तास तरी थंड होऊ द्या. पुढचा उतार खालच्या गिअरमध्ये आणि 'टो-हॉल' (जड ओझ्यासाठीचा) मोड असेल तर तो लावून उतरा. वेग वाढला की ब्रेक जोराने दाबून तो पुरेसा कमी करायचा आणि पाय काढून घ्यायचा. पाय सतत टेकवून ठेवला की ब्रेक पुन्हा तापणार. आणि हे घाटमाथ्यावरच ठरवायचं, कारण वेग हाताबाहेर गेल्यावर गाडी खालचा गिअर घेत नाही.