दोन दूरच्या शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अंतरासाठी डोकं शिणवू नका. दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड ग्रेट सर्कल अंतर (म्हणजे गोल पृथ्वीवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर) देणाऱ्या कोणत्याही कॅल्क्युलेटरमध्ये टाका, झालं. सपाट नकाशावर पट्टी ठेवायचा सल्ला देणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. टोकियो आणि लॉस एंजेलिस नकाशावर जवळपास एकाच आडव्या रेषेत दिसतात. प्रत्यक्षात सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेला चढून अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या थोडा खालून जातो. अंतर सुमारे ८,८०० किमी. आकडा नॉटिकल मैलांत असेल तर १.८५२ ने गुणा.

वेळेचा अंदाज: किलोमीटरना ९०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. पश्चिमेकडे जाताना उंचावरचे जेट स्ट्रीमचे वारे समोरून येतात, म्हणून आणखी तास-दीड तास धरा. लंडनहून न्यूयॉर्कला साधारण आठ तास लागतात, परतताना सात. हवाई हद्द बंद असेल तर हा हिशेबही कोलमडतो. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरावर गेला.

खरा घोळ तिकिटावरच्या वेळांचा. तिथली प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक असते, त्यामुळे सरळ वजाबाकी केली की काहीच्या बाही उत्तर येतं. ‘दोन शहरांतला फरक मिळवा किंवा वजा करा’ हा सल्ला तर सर्वांत वाईट, कारण मिळवायचा की वजा करायचा, इथेच माणूस अडकतो. आंतरराष्ट्रीय दिनरेषा मध्ये आली की विचारूच नका.

मी एकच पद्धत मानतो: दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, न्यायच्या. समजा हिवाळ्यात विमान टोकियोहून १७:०० ला सुटतं आणि लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १०:३० ला उतरतं. सुटण्याआधीच पोहोचलं! टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून ९ वजा करा: ०८:००. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून ८ मिळवा: १८:३०. प्रवास साडेदहा तासांचा. उलट दिशेला तारीख पुढची येते. वेळेशेजारचं बारीक ‘+१’ नजरेतून सुटू देऊ नका.

आणि फरक प्रवासाच्या तारखेचा बघा, आजचा नव्हे. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. मधले काही आठवडे लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. जोडविमानाची वेळ नेमकी याच आठवड्यांत चुकते.

मध्ये थांबा असेल तर एकूण वेळेसाठी त्या शहराचं घड्याळ बघायची गरजच नाही. पहिलं उड्डाण आणि शेवटचं आगमन, एवढ्या दोनच वेळा यूटीसीत न्या. फक्त ‘डायरेक्ट’ या शब्दावर विसंबू नका: डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं. थांबा नकोच असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधा.