बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर रिहॅबचं सत्र कसं करायचं

कार्डिअ‍ॅक रिहॅब म्हणजे हृदयाच्या उपचारानंतर देखरेखीखाली करायचा व्यायाम. त्याची नेहमीची आखणी आठवड्याला 3 सत्रं, 12 आठवडे, म्हणजे 36 सत्रं. डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून रिहॅबसाठीची चिठ्ठी मागून घ्या; एकदा घरी गेलं की ते राहूनच जातं.

सुरुवात 6 मिनिटं चालण्याच्या चाचणीने होते. 30 मीटरचा सपाट पॅसेज, धावायचं नाही. दम लागला तर थांबा, पण घड्याळ चालूच राहतं. किती मीटर झाले ते लिहून ठेवा, शेवटी हाच आकडा पुन्हा बघायचा आहे.

नाडीचं गणित मात्र नीट करून घ्या. नाडी जास्तीत जास्त किती जाईल हे सांगणारं '220 वजा वय' हे सूत्र इथे फसवतं, कारण मेटोप्रोलोलसारखी गोळी नाडी चढूच देत नाही. 60 वर्षांच्या माणसाला सूत्र 160 सांगेल, आणि गोळी चालू ठेवून केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये (ईसीजी लावून ट्रेडमिलवर केलेल्या चाचणीत) तो 124 ला थकेल. खरा हिशेब असा: बसल्या जागी नाडी 64, टेस्टमध्ये 124, फरक 60. त्याचे 40 ते 60 टक्के म्हणजे 24 ते 36, ते 64 मध्ये मिळवा: 88 ते 100. व्यायामात नाडी एवढी ठेवायची. जोडीला 6 ते 20 ची बोर्ग पट्टी असते, म्हणजे किती श्रम वाटतात ते आकड्यात सांगायचं मोजमाप; श्रम 11 ते 13 मध्ये वाटले पाहिजेत. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, मॉनिटर काहीही दाखवो.

सत्राच्या दिवशी गोळ्या चुकवू नका. जेवण आणि व्यायामात दीड-दोन तास ठेवा. आधी बीपी: 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर 100 च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. मग छातीला ईसीजीच्या पट्ट्या, 5 ते 10 मिनिटं वॉर्मअप, आणि ट्रेडमिल किंवा सायकल. सुरुवातीला 10-15 मिनिटं पुरे. आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

घाई होते ती शेवटी. ट्रेडमिल एकदम थांबवली की रक्त पायांत साठतं, बीपी पडतं आणि भोवळ येते. शेवटची 10 मिनिटं हळूहळू चाला. घरी जायची घाई असली तरी.

बायपासवाल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण 8 ते 12 आठवडे, बादली, सिलिंडर, नातवंड काहीच उचलू नये. उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडा, खोकताना छातीशी उशी धरा.

छाती आवळली, जबडा किंवा हात दुखला, थंड घाम सुटला की लगेच थांबा आणि थेरपिस्टला सांगा. घरी असं झालं तर बसून, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) जिभेखाली. 5 मिनिटांत उतरलं नाही तर महाराष्ट्रात 108. सिल्डेनाफिल (व्हायग्रा, लैंगिक समस्येवरची गोळी) गेल्या 24 तासांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको, बीपी धोकादायक पडतं. हे लाजून लपवू नका.

हृदयाचं पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते शरीरात साठलेलं पाणी समजा, आणि व्यायामाआधी डॉक्टरांना फोन करा.