मुरुमांच्या त्वचेवर कुंकुमादी तेल: आधी चाचणी, मग थेंब

बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलंय म्हणून तेल सौम्यच असेल, असं धरून चालू नका. आधी घटकांची यादी वाचा. कुंकुमादी या केशरयुक्त तेलाचा आधार परंपरेने तिळाचं तेल असतो. त्याऐवजी खोबरेल असेल तर छिद्रं बुजण्याची शक्यता वाढते. वरून घातलेला सुगंध दिसला, तर ती बाटली बाजूला ठेवून द्या.

कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, दिवसातून दोनदा, सलग 7 ते 10 दिवस लावा. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जीचं पुरळ बऱ्याचदा उशिरा उठतं. खाज-लाली नसेल तर काही दिवस फक्त जबड्याच्या कडेला लावून बघा.

मग रात्री धुतलेल्या, किंचित ओलसर चेहऱ्यावर 2 थेंब, आठवड्यातून दोनदाच. तळव्यांवर पसरून नुसतं टेकवा. पिकलेल्या फोडांवर चोळलं की सूज वाढते. अर्ध्या तासाने सौम्य फेसवॉशने धुवा. रेटिनॉइड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची औषधं लावता त्या रात्री तेल नको, नाहीतर जळजळ नेमकी कशाने झाली ते कळत नाही.

कपाळावर एकसारख्या, बारीक, खाजऱ्या पुटकुळ्या आल्या तर तेल ताबडतोब थांबवा. त्या यीस्टमुळे (एक प्रकारची बुरशी) असू शकतात, तेलाने वाढतात, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.